गिरणीच्या वर बसून ऐकायचं काम आहे, आवाज रोखणारा हेडफोन कोणता घेऊ?

पहिला_मजला

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत आमच्या इमारतीत तळमजल्यावर पिठाची गिरणी आहे आणि तिच्या बरोबर डोक्यावर माझी कामाची खोली. सकाळी साडेनऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ गिरणी चालते. गिरणीवाल्या काकांशी माझं भांडण नाही. आमचं दळण तिथेच असतं आणि आम्ही घर घेतलं तेव्हा गिरणी होतीच.

माझं काम ध्वनिमुद्रणं ऐकून लिहून काढायचं. सध्या १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी चालू आहेत. ऐंशीच्या घरातल्या आज्या-आजोबा बोलतात, कुणीतरी ओसरीवर बसून फोनवर रेकॉर्ड केलेलं असतं, मागे कोंबड्या, मोटारसायकली. गेल्या महिन्यात एक आजी रेशनवर काय मिळायचं ते सांगत होत्या. त्या म्हणाल्या "मिलो", म्हणजे तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. मी लिहिलं "मिळालं". वाक्य जुळत होतं, त्यामुळे संशयही आला नाही. तपासणाऱ्या बाईंनी ते पकडलं. ज्या माणसानं ती ज्वारी खाल्ली त्याच्या तोंडातला शब्दच मी पुसून टाकला, हे मनाला फार लागलं.

गिरणी चालू असली की मी आवाज वाढवत जाते. संध्याकाळी कान बधिर होतात, डोकं जड होतं. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक दोन हजारांचा हेडफोन घेतला, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ईएनसी लिहिलं होतं. गिरणीच्या आवाजात कणभर फरक पडला नाही. परत करायला गेले तर मुदत संपलेली.

आता पंधरा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे, पण चूक परवडणार नाही. कानावर पूर्ण बसणारा, बिनतारी हवा, कारण मधेमधे उठावं लागतं. मला चष्मा आहे. लॅपटॉप विंडोजचा, फोन अँड्रॉइड. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सासूबाई शेजारच्या खोलीत असतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना एकट्यानं उठता येत नाही. त्यांनी हाक मारली आणि मला ऐकू आलीच नाही, असं होता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकत्र जमतील का?

---

जुना_टेपरेकॉर्डर

ताई, मी ध्वनिमुद्रणाच्याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते ईएनसी प्रकरण. ते तुमच्या कानासाठी नसतंच. फोनवर बोलताना तुमच्या बाजूचा गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी जावा म्हणून ती सोय असते, माइकपुरती. तुम्हाला हवं आहे ते एएनसी. एका अक्षराच्या फरकानं असंख्य लोक फसतात, त्यामुळे तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

एएनसीत हेडफोनवरचे छोटे माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि आतलं यंत्र त्याची बरोबर उलटी लाट करून कानात सोडतं. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर बसला की दोन्ही मिटतात. आता तुमच्या गिरणीकडे या. आपली वीज ५० हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची), त्यामुळे मोटारीची गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास आणि तिच्या पटीत असते. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेतीन मीटर लांब. एवढ्या लांब लाटेवर उलटी लाट बसवताना केसभर उशीर झाला तरी बिघडत नाही. ५,००० हर्ट्झची लाट मात्र जेमतेम सात सेंटिमीटरची. तिथे तेवढाच उशीर झाला तर जुळणीच होत नाही. म्हणून साधारण १,००० हर्ट्झच्या वरचं काम यंत्र करत नाही, ते कानाभोवतीची गादी करते.

ही युक्ती घुमणाऱ्या, सलग आवाजाकरताच वाढली. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातल्या हेडफोनवर काही धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच बसून गणित मांडायला घेतलं. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडफोन बाजारात यायला १९८९ उजाडलं. विमानाचं इंजिन आणि तुमची गिरणी, आवाजाची जात एकच. त्यामुळे तुमचा घूं... बऱ्यापैकी जाईल. पट्ट्याची चटचट, डब्यांची आदळआपट, रांगेतल्या बायकांच्या गप्पा उरतील. उन्हाळ्यात मिरची कांडप लावत असतील तर तो धप धप पूर्ण जाणार नाही, कारण आवाज सलग नाही, ठोक्याठोक्याचा आहे. जमिनीतून पायाला जाणवणारी थरथर कोणताही हेडफोन घालवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट, तुमच्या कामाला फार महत्त्वाची. ब्लूटूथवर फाइल थांबवून परत सुरू केली की बऱ्याचदा पहिलं अक्षर गिळलं जातं. जोडणी मधल्या शांततेत डुलकी घेते आणि जागी व्हायला क्षणभर लावते. गाणं ऐकणाऱ्याला ते कळतही नाही. तुम्ही तासाला शंभर वेळा मागे जाऊन ऐकत असाल. म्हणून बिनतारी घ्या, पण ज्याला साडेतीन मिलिमीटरची वायर लागते आणि वायर लावूनही एएनसी चालतं असाच घ्या. काम वायरवर, बाकी वेळ ब्लूटूथवर.

नव्वद तासांची बॅटरी, एलडॅक (ब्लूटूथवरून आवाज जास्त बारकाईनं पाठवायची पद्धत) वगैरे जाहिरातींकडे तुम्ही बघूच नका. ओसरीवर फोनवर रेकॉर्ड केलेल्या आवाजात एलडॅक नवीन काही भरू शकत नाही.

---

सहा_बावन्नची_लोकल

नमस्कार ताई. मी कल्याण ते सीएसएमटी रोज जातो, अकरा वर्षं झाली. माझ्याकडे सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन आहे आणि बायकोकडे बोसचा क्वाएटकम्फर्ट ४५. गाडीचा घरघराट मारण्यात बोस सरळ वरचढ आहे, यात वाद नाही. पण तो तुमच्या आकड्यात बसायचा नाही. सोनीचे वरचे, एक्सएम५ वगैरे, तेही महागच.

सीएच७२०एन मी घेतला तो वजनामुळे. १९२ ग्रॅम. एक्सएम५ अडीचशे ग्रॅमचा आहे, ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स तर पावणेचारशेच्या वर जातो. दुकानात पाच मिनिटं घालून हा फरक कळत नाही. सहा तासांनी मान सांगते. तुम्ही दिवसभर बसणार, म्हणून मी वजनाला पहिला नंबर देईन. बॅटरी एएनसी लावून ३५ तास लिहिली आहे, मला आठवड्यातून एकदा चार्ज करावं लागतं. उणी बाजू म्हणजे बांधणी प्लास्टिकची आहे आणि घडी होत नाही. घरात बसून काम करणाऱ्याला त्याचं काही नाही.

दुकानात फोनवर गिरणीचं रेकॉर्डिंग लावून बघू असं मनात असेल तर त्याचा उपयोग नाही, मी लोकलचं लावून बघितलं होतं. फोनच्या इवल्या स्पीकरमधून तो खालचा घुमणारा आवाज बाहेरच पडत नाही. परत करायची मुदत स्पष्ट लिहिलेली असेल तिथूनच घ्या आणि पहिल्याच सकाळी गिरणी सुरू असताना घालून बसा.

---

कानगोष्ट

मी श्रवणचाचणीच्या कामात आहे, म्हणून दोन गोष्टी.

"संध्याकाळी कान बधिर होतात" हे वाचून थांबले. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास. आवाज तीनच डेसिबल वाढला की वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला वीस तास. गिरणीवर मात करायला तुम्ही आवाज वाढवता तिथेच खरं नुकसान आहे. एएनसीचा मोठा फायदा मी हाच मानते, मागचा घुमारा गेला की आवाज आपोआप खाली येतो. बधिरपणा सकाळपर्यंत राहत असेल किंवा कानात शिट्टी वाजत असेल तर हेडफोनच्या आधी कान दाखवून घ्या.

चष्म्याच्या जाड दांडीमुळे गादी आणि कानामागची त्वचा यांत फट राहते आणि तिथून सर्वांत आधी खालचे आवाजच आत येतात. नेमके तुम्हाला नको असलेले. पातळ दांडीचा चष्मा असेल तर कामाला तो वापरा. कुड्या घालत असाल तर काढून बसा, फिरकी मागून टोचते आणि तासाभरात कान लाल होतो.

सासूबाईंचं मात्र हेडफोनच्या भरवशावर सोडू नका. बाहेरचा आवाज आत घेणारी सोय बहुतेक सगळ्यांत असते, पण फाइल चालू असताना म्हाताऱ्या माणसाची क्षीण हाक तीतूनही निसटते. बिनतारी बेल मिळते, बटण त्यांच्या उशाशी आणि पेटी तुमच्या टेबलावर. दिवा लागणारी घ्या, म्हणजे ऐकण्यावर काहीच अवलंबून राहत नाही.

---

दळण_कांडप

आमची साताऱ्यात गिरणी आहे, वडिलांपासून. हेडफोनचं मला कळत नाही, गिरणीचं कळतं. यंत्राखाली जाड रबराचे पॅड घातले तर वरच्या मजल्यावरची थरथर पुष्कळ कमी होते. बोल्ट नुसते फरशीत आवळलेले असतील तर सगळा हादरा इमारतीत जातो. पट्टा ढिला असेल तरी आवाज वाढतो. आणि दगड दाणा नसताना रिकामे फिरले की जो कर्कश आवाज येतो त्यानं दगडही खराब होतात, म्हणजे तो बंद करणं काकांच्याही फायद्याचं आहे. तक्रार म्हणून नको, दळण न्यायला जाल तेव्हा सहज विचारा. गिरणीवाल्याला स्वतःलाही दिवसभर तोच आवाज ऐकावा लागतो, ताई. माझ्या वडिलांना आता डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

---

पहिला_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं समजावून मला कुणी सांगितलं नव्हतं. दळण_कांडप, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, आमच्या काकांच्या कानांचा विचार मी कधी केलाच नव्हता. रबराचं त्यांना विचारते. सीएच७२०एन मागवला आहे, परत करायला दहा दिवस आहेत. वापरून लिहिते.

---

पहिला_मजला

नऊ दिवस झाले. ठेवून घेते आहे.

पहिल्या सकाळी साडेनऊला गिरणी सुरू झाली, मी बटण दाबलं आणि तो घुमारा खाली बसला. पूर्ण गेला नाही, पण पलीकडच्या इमारतीतून आल्यासारखा झाला. मग ध्यानात आलं की आजवर त्या घुमाऱ्याखाली झाकलेले किती आवाज आहेत. पट्ट्याची चटचट, काका डबा आपटून पीठ खाली बसवतात तो ठोका. पहिले दोन दिवस त्यांच्याकडेच लक्ष जायचं, आता जात नाही. पायाखालची थरथर आहे तशीच आहे. खुर्चीखाली जुनी सतरंजी दुहेरी करून टाकली, थोडा फरक वाटतो.

वायरचा सल्ला लाखमोलाचा. ब्लूटूथवर मुद्दाम एक तास काम करून बघितलं, खरंच परत सुरू करताना पहिलं अक्षर जात होतं. "नव्हतं"चं "व्हतं" ऐकू आलं. आमच्या कामात हे दोन वेगळे शब्द आहेत, देशावरची माणसं "व्हतं" म्हणतात ते "होतं" या अर्थानं! वायरवर असं एकदाही झालं नाही. लॅपटॉपवरचा आवाज पूर्वी ऐंशीवर असायचा, आता चाळीस-पंचेचाळीसवर भागतं. संध्याकाळी डोकं जड होत नाही. कान गरम होतात हे खरं, तासाभरानं काढून ठेवते आणि गाद्या सुती फडक्यानं पुसते. चष्मा जुना, पातळ तारेच्या दांडीचा काढला आहे. कुड्या टेबलावर वाटीत.

सासूबाईंसाठी दिव्याची बेल घेतली. बटण त्यांच्या हाताला कडक लागतं, अंगठा दुखतो म्हणतात. दुसरं, हलक्या बटणाचं शोधते आहे. तोवर त्यांनीच तोडगा काढला, देवघरातली छोटी पितळी घंटा उशाशी मागून घेतली. तिचा किणकिणाट एएनसी लावूनही माझ्यापर्यंत येतो. हाक येत नाही, घंटा येते. जुना_टेपरेकॉर्डर यांनी सांगितलेलं वरच्या आवाजाचं गणित हेच ना? तरी दर अर्ध्या तासानं मी उठून बघून येतेच.

काकांना रबराबद्दल विचारलं. म्हणाले, पुढच्या वेळी दगडाला टाकी लावायला माणूस येईल तेव्हा यंत्र उचलावं लागेलच, तेव्हा घालून घेऊ. पॅड किती जाड घ्यायचे ते दळण_कांडप यांनी कृपया सांगावं, मी त्यांना लिहून देते.

आणि त्या आजींची फाइल मी पुन्हा पहिल्यापासून ऐकली. आणखी एक चूक निघाली. मी लिहिलं होतं "बरं, आटली", आणि कोणती विहीर ते कळेना म्हणून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. त्या म्हणत होत्या "बारव आटली". गावाची जुनी पायऱ्यांची बारव. दुरुस्त केलेलं पान आज दुपारी पाठवलं.