लहान मुलांचं छोटं ऑपरेशन: तुम्ही कसं निभावलंत?

पुढच्या गुरुवारी आमच्या लेकाचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. वय साडेतीन. रडला किंवा शौचाला जोर केला की उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा येतो. मोठ्यांना बसवतात तशी जाळी याला लागणार नाही. पोटातून जांघेत उतरणारी, जन्माच्या सुमारास मिटायला हवी होती ती वाट उघडी राहिली आहे, ती बांधून टाकायची. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. एवढं मला समजलं. त्याला काय आणि कधी सांगायचं, ते मात्र सुचत नाहीये. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी लिहा ना.

दोन मुलींची आई, ठाणे

ताई, खरं सांगा. धाकटी चार वर्षांची असताना तिच्या कानात ग्रोमेट, म्हणजे पडद्यात घालायच्या बारीक नळ्या, बसवले. घरच्या सगळ्यांनी ठरवलं, "फोटो काढायला जायचंय" म्हणायचं. तोंडावर मास्क आला तेव्हा तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेले नाही. पुढे कितीतरी महिने केस कापायला नेलं तरी विचारायची, "खरंच केसच ना?"

सहाव्या वर्षी टॉन्सिल काढायचे ठरले, तेव्हा दोन दिवस आधी सांगितलं. घसा दुखेल, मास्कला वास येईल, झोप लागेल, उठशील तेव्हा मी असेन. ती रडली, मग तिनेच बॅग भरली.

टॉन्सिलवाल्यांसाठी आणखी थोडं. नंतर घशात पांढरा थर दिसतो आणि तोंडाला वास येतो. मी पू समजून घाबरले होते, पण ती खपली असते. कानही दुखतो. पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटताना रक्त येऊ शकतं. लाल ताजं रक्त दिसलं तर फोनाफोनी न करता थेट हॉस्पिटल गाठायचं. आमच्याकडे तसं झालं नाही, पण ते दिवस मी तिच्याच खोलीत झोपले. दहा दिवस गार मऊभात आणि दूध.

एक बाबा, नाशिक

आमचाही हर्नियाच होता, मुलगा तीन वर्षांचा. ऑपरेशन सोपं गेलं. अवघड गेली ती नंतरची वीस मिनिटं, आणि त्याबद्दल आम्हाला कोणी आधी बोललं नव्हतं. भूल उतरताना तो किंचाळत होता, हातातली सलाईनची सुई ओढत होता, आईला ओळखत नव्हता. बायको खाली बसली. नर्सने सांगितलं, या वयात बऱ्याच मुलांचं असं होतं, दुखतंय म्हणूनच असं नाही, आणि त्याला हे आठवणारही नाही. मी नुसता धरून बसलो. मग तो झोपला आणि उठल्यावर पहिलं पाणी मागितलं. तुम्ही दोघांनी हे आधीच ऐकून ठेवा.

भूलतज्ज्ञ आणि आई, कोल्हापूर

उपाशी ठेवण्याबद्दल. साधारण नियम: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ अंतिम. "बिचारं उपाशी आहे" म्हणून कोणी हळूच बिस्किट दिलं तर लपवू नका. भुलीत उलटी झाली तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. सर्दी, खोकला, ताप असेल तर आदल्या दिवशीच कळवा, तारीख पुढे गेली तरी चालेल. सुई टोचायच्या जागी बधिर करणारं मलम मिळतं, ते सुमारे तासभर आधी लावावं लागतं. आणि आपल्या मुलाच्या वेळी हे सगळं माहीत असूनही माझे हात गार पडले होते, हेही सांगते.

शेतकरी बाप, बीड जिल्हा

आमच्या पोराची एक गोटी खाली उतरली नव्हती. घरात कोणी बोलायचं नाही, लाजेपायी. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी झाली, त्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, हे दीड वर्षाच्या आत व्हायला हवं होतं, आता वेळ घालवू नका. जिल्ह्याला ऑपरेशन झालं, पैसे लागले नाहीत. पोरगा अडीच वर्षांचा होता. एक वर्ष आम्ही गप्प बसण्यात घालवलं, त्याचं वाईट वाटतं. आंघोळ घालताना काही वेगळं दिसलं तर दाखवा, एवढंच.

आजी, सांगली

थिएटरच्या दारात रडायचं असेल तर दार बंद झाल्यावर रडा. मूल आपल्या तोंडाकडे बघत असतं. आणि दोन सैल चड्ड्या न्या, इलास्टिक नको.

धागा सुरू करणारी

झालं काल. मंगळवारी रात्री त्याला सांगितलं, "तुझ्या पोटात एक छोटं दार उघडं राहिलंय, डॉक्टर ते लावणार आहेत." त्याने विचारलं, "आणि मी आत राहिलो तर?" याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. म्हटलं, मी बाहेर उभी असेन, दार लागलं की तू माझ्याकडे.

नाशिकच्या दादांनी लिहिलं होतं तसाच तो किंचाळला. मला माहीत होतं म्हणून मी धरून बसू शकले. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "लागलं का दार?"

टाके विरघळणारे आहेत, सोमवारी दाखवायला जायचंय. सायकल माळ्यावर ठेवलीय. ती कुठे आहे ते त्याला आज सकाळीच सापडलं.