प्रति: घानात बंदराशिवाय शहर वाढेल का?

मूळ पोस्टमध्ये म्हटलंय की घानात पैसा फक्त राजधानी आक्रा आणि तेमा बंदराभोवती फिरतो. मग टेचिमन हे शहर बघा. समुद्रापासून लांब, देशाच्या मधोमध. कुमासीहून तमाले आणि पुढे बुर्किना फासोकडे जाणारा हमरस्ता इथूनच जातो, सुन्यानी-वेंचीचे फाटेही इथलेच. या नाक्यावरच तिथला प्रचंड बाजार उभा राहिला. याम (आपल्या कोनफळाचा भाऊबंद), मका, टोमॅटो. बुर्किना, मालीपर्यंतचे व्यापारी येतात. मालागणिक बायकांच्या संघटना असतात, त्यांची प्रमुख म्हणजे त्या मालाची ‘क्वीन’. आवक, भाव, उधारी, भांडणं यांत तिचा शब्द चालतो. आपल्या बाजार समित्यांत अशी सत्ता बायकांकडे कुठे दिसते?

२०१९ मध्ये बोनो ईस्ट हा नवा प्रांत झाला, टेचिमन त्याची राजधानी. कचेऱ्या आल्या, जागांना मागणी आली. पण माझ्या मते खरी गरज गोदामं आणि शेतापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यांची आहे. टोमॅटो थांबत नाही. आवक वाढली की मिळेल त्या भावाला फुंकावा लागतो.

काजूचंही तेच. या पट्ट्यातला बराचसा काजू बिया न फोडताच व्हिएतनाम आणि भारतात जातो. गोवा-कोकणातले कारखानेही काही प्रमाणात आफ्रिकेतून आलेल्या बियांवर चालतात. म्हणजे बिया फोडण्या-सोलण्याचा रोजगार घानात फारसा राहत नाही.