घरी टर्की ब्रेस्ट स्मोक करायचीये, पिंक सॉल्टचा गोंधळ झालाय (इंदूर)

मालवा_किचन
नमस्कार मंडळी. मी इंदूरची, पलासियाजवळ राहते. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून दीर-जाऊ मुलांना घेऊन येतात आणि यंदा पुतण्याने आधीच फोन करून सांगितलंय की काकू, सँडविचमध्ये असते ना पातळ कापलेली स्मोक्ड टर्की, ती घरी कर. फ्रोझन ब्रेस्ट मिळाली, हाड काढलेली, दीड किलोची. ती महाग आहे म्हणून आधी चिकन ब्रेस्टवर सराव केला आणि सगळंच बिघडलं. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ, रात्रभर ठेवलं, तर तोंडात घालवेना इतकं खारट. रेसिपीत पिंक सॉल्ट लिहिलं होतं म्हणून सैंधव घातलं, तरी मांस आतून करडंच, गुलाबी काही झालं नाही. आणि धुराची चव कडू, घशाला लागणारी. गच्चीवर झाकणाची कोळशाची शेगडी आहे, त्यावर केलं. टर्की वाया जायला नकोय, कोणी नीट सांगेल का?

खारवलेलं_बरं (वडोदरा)
ताई, सगळ्यात आधी ते पिंक सॉल्टचं. सैंधव हे साधं मीठच, रंग खनिजांचा. रेसिपीवाल्यांचं पिंक सॉल्ट म्हणजे क्युरिंग सॉल्ट, मांस टिकवायला वापरतात ते, त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट आणि बाकी मीठ असतं, आणि रंग मुद्दाम घातलेला असतो, कोणी चुकून जेवणात टाकू नये म्हणून. गुलाबीपणा येतो तो नायट्राइटमुळे. तुमचं मांस करडं झालं कारण शिजलेल्या चिकनचा रंगच तो, त्यात तुमची काही चूक नाही. उलटं मात्र कधी होऊ देऊ नका, म्हणजे क्युरिंग सॉल्ट सैंधवासारखं अंदाजाने घालणं, जास्त गेलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, लहान मुलं असलेल्या घरात तर ते कुलपातच ठेवावं.

आता खारटपणा. ठरावीक तास मोजायच्या भानगडीत पडू नका, वजन मोजा. मांस दीड किलो अधिक पाणी दीड लिटर म्हणजे एकूण ३ किलो धरा, त्याच्या २ टक्के मीठ म्हणजे ६० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, तेजपान मिरी हवं तसं. यात काही दिवसांत मांसात आणि पाण्यात मीठ सारखं होतं आणि मग एक दिवस जास्त राहिलं तरी खारट होत नाही. क्युरिंग सॉल्ट मिळालंच तर याच ३ किलोवर साडेसात ग्रॅम, ग्रॅमचा दशांश दाखवणाऱ्या काट्यावर, आणि मग ४-५ दिवस ठेवा. नसेल तर दोन दिवस पुरे. सगळं फ्रिजमध्येच, ४ अंशांच्या खाली. इंदूरला डिसेंबरची रात्र १० अंशांच्या आसपास असते, थंडी आहे म्हणून बाहेर गॅलरीत ठेवलं असं करू नका.

शेगडीकाका (महू)
मुली, कडू धुराचं मी सांगतो, चाळीस वर्षं शेगडीवर मांस भाजून राहिलोय. पांढरा दाट धूर निघत होता ना? तो धूर म्हणजे लाकूड नुसतं कुढतंय, त्याला हवा मिळत नाहीये, आणि त्यातलं काजळीचं तेलकट मांसावर बसतं. धूर पातळ हवा, जवळजवळ दिसू नये, जरा निळसर. झाकणाची भोकं उघडी ठेव. लोक लाकूड भिजवून घालतात, मला ते अजिबात पटत नाही, ओल्या लाकडाची आधी वाफच निघते. पेरूची किंवा आंब्याची चांगली वाळलेली फांदी घे, मुठीएवढे दोन-तीन तुकडे बास. कडुनिंब नको, चीडाचं (पाइनचं) लाकूड नको, सुताराकडचं प्लाय तर मुळीच नको.

दुसरं म्हणजे मांस ओलं ठेवलंस का? ब्राइनमधून, म्हणजे त्या मिठाच्या पाण्यातून, काढून पुसून, जाळीवर ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये उघडं राहू दे. सकाळी बोट लावलं की किंचित चिकट लागतं, त्या कोरड्या सायीवर धूर छान बसतो. कोळसे एका बाजूला, टर्की दुसऱ्या बाजूला, मध्ये पाण्याची थाळी, आत ११० ते १२० अंश. आणि जस्ताच्या पत्र्याचा डबा वगैरे वापरू नकोस, तापला की त्याचा धूर विषारी. गच्चीवर करतेस ते बरोबर, बंद स्वयंपाकघरात कोळसा कधीच नाही.

रविवारचा_रस्सा (ग्वाल्हेर)
काका, मग आपल्यासारखा धुंगार देऊन नाही का चालणार? कोळशावर तूप टाकून झाकायचं, दहा मिनिटांत काम.

शेगडीकाका
धुंगार शिजलेल्या पदार्थाला वास देतो, शिजवत नाही. इथे तीन तास लागतात मांस आतपर्यंत शिजायला. दोन्ही आपापल्या जागी चांगले.

खारवलेलं_बरं
आणि ताई, थर्मामीटर घ्याच, सुईवाला. सगळ्यात जाड भागात ७४ अंश, मग लगेच काढा. चिकन-टर्कीच्या ब्रेस्टमध्ये चरबी जवळजवळ नसते, ८० च्या पुढे गेली की मिठाने धरलेलं पाणीही सुटतं आणि भुसा होतो. अजून एक, पाकीट उलटून बघा, फ्रोझन टर्कीत पुष्कळदा मिठाचं पाणी आधीच भरलेलं असतं.

मालवा_किचन
बघितलं! बारीक अक्षरात ८ टक्के मिठाचं पाणी लिहिलंय. म्हणजे साठ ग्रॅम घातलं असतं तर परत खारट.

खारवलेलं_बरं
मग मीठ निम्मं, ३० ग्रॅम. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवून डीफ्रॉस्ट करा, पूर्ण दिवस लागेल, ओट्यावर नको.

मालवा_किचन
मंडळी, काल केली. क्युरिंग सॉल्ट नाही घातलं, मुलं आहेत म्हणून मनच झालं नाही. ३० ग्रॅम मीठ, दोन दिवस, मग एक रात्र उघडी, शेजारच्या आजींकडची पेरूची वाळकी फांदी. पावणेतीन तासांत ७४ झालं. बाहेरून तांबूस सोनेरी, कडेला धुराने आलेली बारीक गुलाबी रेघ आणि आत पांढरी, रसाळ. पुतण्याला गरमच कापून हवी होती पण गरम कापली तर तुकडे पडत होते, आज सकाळी फ्रिजमधून काढून सुरी लावली तर कागदासारख्या चकत्या निघाल्या. सासूबाईंनी एक पोळीत गुंडाळून खाल्ली, वर हिरवी चटणी. काका, पेरूची फांदी अजून अर्धी उरलीये, पुढच्या रविवारी कडकनाथ कोंबडी लावू का?

शेगडीकाका
लाव, पण अख्खी पातळ कोंबडी आहे ती, चिवट होते. आधी हळद-मीठ लावून मंद शिजवून घे, मग अर्धा तास धुरावर.