शब्दचर्चा: ॲपमधल्या 'तसल्या' वाक्यांना मराठीत काय म्हणावं?

भाषा शिकवणाऱ्या ॲपांमधली काही वाक्यं एव्हाना बहुतेकांच्या व्हॉट्सॲपवरून फिरून गेली असतील. डुओलिंगोच्या डच अभ्यासक्रमातलं 'सॉरी, इक बेन एन आपल', म्हणजे 'माफ करा, मी सफरचंद आहे', हे त्यातलं बहुधा सर्वांत गाजलेलं. त्याच ॲपवर फिनिश शिकायला घेतलं की पाणी, दूध यायच्या आधी 'वेल्हो' म्हणजे जादूगार दारात उभा. वेल्श शिकणाऱ्यांना तर ओवेन नावाचा एक गृहस्थ भेटतो आणि त्याच्या मागे लागलेली पार्सनिपं. पार्सनिप म्हणजे गाजरासारखं दिसणारं पांढरट कंदमूळ.

माझा प्रश्न शब्दाचा आहे. अशा वाक्याला मराठीत काय म्हणायचं? सर्रास 'निरर्थक' किंवा 'असंबद्ध' म्हटलं जातं, आणि मला दोन्ही पटत नाहीत. निरर्थक म्हणजे ज्याला अर्थच नाही ते. 'मी सफरचंद आहे' याचा अर्थ लख्ख कळतो, म्हणून तर हसू येतं. असंबद्ध म्हणायला निदान दोन गोष्टी लागतात. तापात माणूस असंबद्ध बडबडतो ते एका वाक्याचा पुढच्याशी मेळ नसतो म्हणून. एकटं वाक्य असंबद्ध असणार ते कशाशी? 'विक्षिप्त' माणसाला शोभतं, वाक्याला नाही. 'बाष्कळ'मध्ये बोलणाऱ्याला टपली आहे. 'अचाट'मध्ये नको इतकं कौतुक.

जुन्या शास्त्रात डोकावलं तर अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्रावरच्या ग्रंथात वाक्याचा अर्थ कळण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी (म्हणजे शब्द मध्ये फार वेळ न जाता लगोलग उच्चारलेले असणं). 'गाय घोडा माणूस हत्ती' असे शब्द ओळीने ठेवले तर त्यांना एकमेकांची गरज नाही, म्हणजे आकांक्षा नाही. 'अग्नीने शिंपतो' यात व्याकरण ठीक आहे, पण शिंपायला पाणी लागतं, अग्नी त्या कामाचा नाही, म्हणून योग्यता नाही. आपलं सफरचंद या दुसऱ्या जातीचं. म्हणजे शास्त्राप्रमाणे 'अयोग्य वाक्य' म्हणायला हवं. पण तसं म्हटलं तर लोक घाबरून मुलांच्या हातातून फोन काढून घेतील.

खाली प्रतिसादांत सुचवा.

छगन, कमळ बघ

नाव सुचवण्याआधी ही वाक्यं जन्माला कशी येतात ते बघू. आपल्या पहिलीच्या पुस्तकातलं 'छगन, कमळ बघ' आठवतंय? छगन कोण, कमळ कुठलं, त्याने ते का बघायचं, काही पत्ता नाही. पण वाक्य नीट बघा: काना नाही, मात्रा नाही, वेलांटी-उकार नाहीत. मुलाला फक्त सुटी अक्षरं येतात, तेवढ्यात क्रियापदासकट पूर्ण वाक्य बसवायचं आहे. तिथे छगन आला तो अक्षरांच्या सोयीने.

ॲपमध्ये अक्षरांच्या जागी शब्द असतात, एवढाच फरक. पहिल्या काही धड्यांत सर्वनामं, 'असणे' हे क्रियापद, पाच-सात प्राणी आणि थोडे खायचे पदार्थ. त्यांची सांगड घालून 'मी आहे', 'तू आहेस', 'ती आहे' घटवून घ्यायचं. सफरचंदाने माफी मागेपर्यंत मजल जाणारच. त्यातून डुओलिंगोचे बरेच अभ्यासक्रम २०१३ पासून २०२१ पर्यंत स्वयंसेवकांनी बांधले. फुकट काम करणाऱ्या भाषावेड्यांच्या हाती असा कच्चा माल दिल्यावर ते गप्प बसतील?

पार्सनिपांची बाजू

मी वेल्समध्ये कार्डिफला राहते, तिथली वेल्श भाषा शिकते आहे, त्यामुळे ओवेनच्या वतीने दोन शब्द. वेल्शमध्ये पार्सनिपांना 'पान्नस' म्हणतात. या भाषेची खोड अशी की शब्दाचं तोंड बदलतं. आपल्याकडे प्रत्यय लागताना 'घोडा'चा 'घोड्या' होतो, म्हणजे शेपूट बदलतं, इथे उलटं. 'माझी पार्सनिपं' म्हणताना पान्नसचं 'म्हान्नस' होतं. पुढची गंमत ऐका. 'त्याचा' आणि 'तिचा' या दोन्हींना शब्द एकच, 'ई'. मग पार्सनिपं कुणाची हे कळायचं कसं? 'ई बान्नस' म्हटलं तर त्याची, 'ई फान्नस' म्हटलं तर तिची. मालक बाई की बुवा हे मालाच्या पहिल्या अक्षरावरून ठरतं!

आता सांगा, हे शिकवायला 'तिचा परकर', 'त्याची दाढी' असली शहाणी वाक्यं घेतली तर शिकणारा अक्षराकडे कशाला बघेल? अर्थावरूनच ओळखून मोकळा होईल. पार्सनिपं कुणाचीही असू शकतात, म्हणून कान टवकारावे लागतात.

अवांतर: माझ्या सासूबाई मालवणच्या. 'फान्नस' ऐकल्यावर त्यांनी विचारलं, कापा की बरका?

दोन प्रकार वेगळे ठेवा

धागालेखकांनी एकच टोपली केली आहे, तिचे दोन भाग करावेत असं सुचवतो. एक, जाणूनबुजून बांधलेलं वाक्य. दुसरं, भाषांतरात पाय घसरून पडलेलं. दुसऱ्यासाठी आपल्याकडे झकास शब्दप्रयोग तयार आहे: मक्षिकास्थाने मक्षिका. मूळ पोथीत माशी चिकटली होती म्हणून नकलेतही माशी काढायची.

याचा महामेरू म्हणजे पेद्रू कारोलिनू या पोर्तुगीज गृहस्थाचं १८५५ सालचं पोर्तुगीज-इंग्रजी संभाषणाचं पुस्तक. त्याला स्वतःला इंग्रजी येत नव्हतं, हाताशी पोर्तुगीज-फ्रेंच पुस्तक होतं, आणि फ्रेंचवरून कोशाच्या आधाराने त्याने इंग्रजी पाडलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. फ्रेंचमध्ये ताटकळत बसण्याला एक वाक्प्रचार आहे, त्याचा शब्दशः अर्थ घ्यायला गेलं तर चावण्या-कुरतडण्यावर जातो. कारोलिनूने त्याचं केलं 'मार्मोसेट कडाकडा चावणे'. मार्मोसेट म्हणजे छोटंसं माकड. लंडन-अमेरिकेत लोकांनी हे विनोदी पुस्तक म्हणून डोक्यावर घेतलं. १८८३ च्या अमेरिकी आवृत्तीला मार्क ट्वेनची प्रस्तावना आहे.

आणि तिसराही प्रकार आहे, जो सर्वांत विचित्र: अतिशहाणं वाक्य. आसिमिल या फ्रेंच प्रकाशनाचं इंग्रजी शिकवणारं पुस्तक १९२९ मध्ये आलं, त्याचं पहिलंच वाक्य 'माझा शिंपी श्रीमंत आहे'. असेल, चूक काहीच नाही. पण हे कुणी कुणाला कधी सांगतं? याच मालिकेवरून इंग्रजी शिकता शिकता नाटककार आयनेस्कोला साक्षात्कार झाला की आठवड्यात सात वार असतात, जमीन खाली असते नि छत वर. त्यातून त्याचं 'टकली गायिका' हे नाटक निघालं, १९५० मध्ये पॅरिसला रंगमंचावर आलं, आणि १९५७ पासून तिथल्या ह्युशेत थिएटरात त्याचे प्रयोग चालत आले आहेत. व्यस्त नाट्याचा (म्हणजे 'ॲब्सर्ड' नाटकाचा) एक उगम भाषेच्या धड्यात आहे म्हणायचा.

असहमत

वरचं सगळं वाचायला छान. पण बाहेरून आलेल्या माणसाला रिक्षावाल्याशी बोलायचं असतं. 'सुट्टे नाहीत', 'पुढच्या चौकात थांबवा', 'पावती मिळेल का' ही वाक्यं आधी द्या. जादूगार आणि पार्सनिपं नंतर बघू. चैनीचे प्रकार आहेत.

सुट्टे नाहीत, हे मान्य. तरी

मी अमराठी मंडळींना मराठी शिकवते, म्हणून वरच्या 'असहमत'ला उत्तर. सुट्ट्यांचं वाक्य पाठ होतं, वापरलंही जातं. पण पाठ वाक्यातून भाषेची चाल कळत नाही. माझ्या वर्गात चालणारी काही 'तसली' वाक्यं देते, तुम्हीच ठरवा.

'हत्तीने इडली खाल्ली.' 'मुलीने इडली खाल्ली' दिलं तर विद्यार्थ्याला वाटतं क्रियापद मुलीमागून गेलं. उत्तर बरोबर, समज चूक. हत्ती आणला की तो अडखळतो: खाणारा पुल्लिंगी, मग 'खाल्ली' कसं? तिथे इडलीकडे लक्ष जातं. मग त्याच हत्तीला लाडू आणि केळं: खाल्ला, खाल्लं. काम फत्ते.

'मला शिंगं नाहीत.' हिंदी-इंग्रजीवाल्यांना आपलं 'असणं' भारी छळतं. शरीराचा भाग आणि नातं असेल तर 'मला'. जवळ बाळगायची वस्तू असेल तर 'माझ्याकडे'. 'माझ्याकडे शिंगं नाहीत' म्हटलं की तो माणूस शिंगांचा दुकानदार होतो आणि आजचा माल संपलेला असतो. हा फरक एकदा हसून कळला की 'माझ्याकडे एक नवरा आहे' असं कुणी म्हणत नाही.

आणि माझं लाडकं: 'आम्ही भुतं आहोत' आणि 'आपण भुतं आहोत'. पहिल्यात ऐकणारा अजून जिवंत आहे. दुसऱ्यात त्यालाही आत्ताच बातमी कळते आहे. आम्ही-आपणचा भेद फळ्यावर कोष्टक काढून मी पूर्वी शिकवायचे, डोळे मिटायला लागायचे.

लक्षात राहण्याबद्दलही थोडं. मॅकडॅनिएल आणि आइनस्टाइन (सापेक्षतावाले नव्हेत) या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये दाखवलं की साध्या वाक्यांत मिसळलेली विचित्र वाक्यं जास्त आठवतात. मात्र सगळीच विचित्र दिली तर तो फायदा उरत नाही. तेव्हा रिक्षा हवीच, हत्ती अधूनमधून.

तऱ्हेवाईक?

'तऱ्हेवाईक वाक्य' कसं वाटतं? माणसालाही चालतं, वस्तूलाही. वेडं ठरवत नाही, वर थोडी मायाही आहे. 'चमत्कारिक' पण चालेल, पण 'चमत्कारिक वास येतोय'मुळे त्याला जरा कुजका वास लागला आहे.

धागालेखक पुन्हा

तऱ्हेवाईक घेतलं. आजपासून सफरचंद, हत्ती आणि भुतं ही तऱ्हेवाईक वाक्यं. कारोलिनूची मक्षिकास्थाने मक्षिका. श्रीमंत शिंप्याला अजून नाव हवं आहे. शिकवणाऱ्या ताईंचा मुद्दा मला या धाग्यातला सर्वांत मोलाचा वाटला: वाक्य तऱ्हेवाईक असल्यामुळे अंदाजाची वाट बंद होते, आणि व्याकरणाशिवाय आधार राहत नाही. मग नुसतं विचित्र असून भागत नाही, नेमकं कुठे अडवायचं ते ठरवून विचित्र असावं लागतं. त्या कसोटीला 'मला शिंगं नाहीत' उतरतं. 'मी सफरचंद आहे' मला वाटतं निम्मंच उतरतं, कारण तिथे 'मी विद्यार्थी आहे'नेही तेच काम झालं असतं.

वर्गासाठी एक भर

ताई, हे घ्या. 'ते गाढव आहे': समोर एक गाढव. 'ती गाढवं आहेत': समोर अनेक. 'ती गाढव आहे': कुणा मैत्रिणीबद्दल. आणि 'ते गाढव आहेत': सासरेबुवांबद्दल, आदरार्थी बहुवचन राखून.

त्यावर

घेतलं! पण शेवटच्या वाक्यावर पहिली शंका काय येणार ते आत्ताच दिसतं आहे: आदर दाखवायचाच तर 'गाढव'चं अनेकवचन का नाही, 'ते गाढवं आहेत' का नाही? माझं उत्तर असं की आदर माणसाला आहे, गाढवपणाला नाही, म्हणून सर्वनाम आणि क्रियापद बहुवचनात जातं आणि नाम जागचं हलत नाही. 'ते डॉक्टर आहेत'सारखंच. पण मग 'ते शहाणे आहेत' मध्ये विशेषण का बदलतं, हेही कुणीतरी विचारणारच. विशेषण कर्त्याच्या वचनामागे जातं म्हणून, असं मी सांगते. मग 'ते आमचे मुख्य आधार आहेत' मध्ये 'आमचे' कुणामागे गेलं, आधारामागे की त्यांच्यामागे? जाणकारांनी सांगावं.