‘पाजन’ला मराठीत धिरडे म्हणावे का?

विचारणा

घरच्या घरी करण्याजोग्या परदेशी पदार्थांची एक छोटी पुस्तिका मी कुटुंबीयांसाठी लिहीत आहे. त्यात पातीचा एक कोरियन पदार्थ आहे, ज्याला रोमन लिपीत ‘pajeon’ असे लिहितात म्हणून मी आधी ‘पाजेऑन’ असे लिहिले आणि कंसात ‘कांद्याच्या पातीचे धिरडे’ असा अर्थ दिला. कृती अशी: एक वाटी मैदा, पाव वाटी तांदळाचे पीठ, मीठ आणि साधारण एक वाटी गार पाणी एवढेच सरसरीत कालवून घ्यायचे, बोटभर लांबीची चिरलेली भरपूर पात त्यात मिसळायची आणि तव्यावर सढळ तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस करायचे. घरात मात्र यावर एकमत होत नाही, कारण माझ्या सासूबाईंच्या मते जे पीठ पातीला जेमतेम चिकटवण्यापुरते आहे त्याला धिरडे म्हणता येणार नाही. उच्चार आणि मराठी प्रतिशब्द या दोन्हींविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद

उच्चारापुरते सांगतो. ‘जेऑ’ असा जोडस्वर त्या शब्दात नाही. कोरियन भाषेच्या २००० साली स्वीकारलेल्या रोमन लेखनपद्धतीत ‘eo’ ही दोन अक्षरे मिळून एकच स्वर दाखवतात आणि तो आपल्या ‘अ’ आणि ‘ऑ’ यांच्या मधला आहे. ‘सोल’ या राजधानीच्या नावातही हाच स्वर पहिल्या अक्षरात आहे, ज्याचे आपल्याकडे ‘सेऊल’ झाले. म्हणून ‘पाजन’ किंवा ‘पाजॉन’ यांपैकी काहीही चालेल. मी ‘पाजन’ पसंत करीन, मात्र त्यातला ‘ज’ हा ‘जण’ मधला नव्हे, तर ‘जनता’ मधला तालव्य वाचावा. काटेकोरपणे बोलायचे तर पहिले अक्षरही महाप्राण आहे, म्हणजे ‘फळ’ मधल्या जुन्या, ओठ मिटून काढलेल्या ‘फ’ सारखे. परंतु हल्ली आपण ‘फ’चा उच्चार इंग्रजी ‘एफ’ सारखा करू लागलो असल्यामुळे ‘फाजन’ लिहिले तर वाचक आणखी लांब जाईल.

प्रतिसाद

अर्थाच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण शब्दाच्या घडणीतच सापडते. ‘पा’ म्हणजे पात आणि ‘जन’ म्हणजे तव्यावर थोड्या तेलात केलेला पदार्थ. यातला ‘जन’ हा चिनी लिपीतील ज्या अक्षराने लिहिला जातो, तेच अक्षर जपानी ‘सेनबेई’ या कुरकुरीत बिस्किटाच्या नावातही आहे. पण कोरियन स्वयंपाकात ‘जन’चा आवाका पिठाच्या पदार्थांपुरता नाही. कोवळ्या भोपळ्याच्या चकत्या किंवा माशाचे पातळ तुकडे कोरड्या पिठात घोळवून, फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर परततात, त्यांनाही ‘जन’च म्हणतात, आणि पितरांच्या विधीच्या ताटात असे ‘जन’ मांडले जातात. हे सारे आपल्या ‘काप’ या शब्दाच्या अधिक जवळ आहे. वांग्याचे किंवा सुरणाचे काप करताना मुख्य वस्तू वांगे किंवा सुरण असते, तांदळाचे पीठ वा रवा केवळ आवरण असते. धिरड्यात उलट आहे. तिथे पीठ हाच पदार्थ आणि कांदा, कोथिंबीर ही त्यातली भर.

म्हणजे ‘जन’ या एका शब्दात आपले काप आणि धिरडे दोन्ही येतात, आणि मराठीत तेवढा रुंद शब्द नाही. ‘धिरडे’ या अर्थाला जास्त जुळणारा कोरियन शब्द दुसराच आहे, तो म्हणजे ‘बुचिमगे’. तापलेल्या तव्यावर तेल सोडून पसरट पदार्थ भाजणे या अर्थाच्या ‘बुचिदा’ या क्रियापदापासून तो बनला आहे. रोजच्या बोलण्यात लोक पाजनलाही बुचिमगे म्हणतात, त्यामुळे ‘पातीचे धिरडे’ हे चूक ठरत नाही. चूक होईल ती ‘जन म्हणजे धिरडे’ असे लिहिल्यास.

बुसानमधील दोंग्ने भागाच्या प्रसिद्ध पाजनमध्ये तर पात चिरून पिठात मिसळतही नाहीत. अख्ख्या काड्या तव्यावर शेजारी शेजारी आडव्या रचतात, वरून तांदळाचे पीठ असलेले पातळ मिश्रण ओततात, शिंपले-कोळंबी पसरतात आणि शेवटी अंडे घालतात. इथे ‘धिरडे घातले’ हे क्रियापद माझ्या तरी कानाला बसत नाही.

प्रतिसाद

क्रियापदांचा विषय निघालाच आहे तर एक भर घालते. इंग्रजीत ज्याला ‘स्कॅलियन पॅनकेक’ म्हणतात त्या नावाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ येतात. चिनी पदार्थ कणकेच्या गोळ्यापासून होतो; पोळी लाटायची, तिच्यावर तेल आणि बारीक पात पसरायची, गुंडाळी करून पुन्हा लाटायची, म्हणजे पदर सुटतात. हा सरळ सरळ पदरांचा पराठा झाला. कोरियन पदार्थात लाटणे हाती धरायचेच नाही. मराठीत आपण पोळी लाटतो, थालीपीठ थापतो, धिरडे घालतो आणि भजी तळतो, त्यामुळे आपल्या वाचकाला ‘पॅनकेक’ शब्द दिला नाही तर हा गोंधळ मुळातच होणार नाही.

प्रतिसाद

‘कांद्याच्या पातीचे’ यातील ‘कांद्याच्या’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. आपल्या बाजारात मिळणारी पात ही खरोखर कोवळ्या कांद्याचीच असते आणि जुडीच्या बुडाशी लहान कांदे लोंबत असतात. कोरियातील जाड ‘देपा’ ही मात्र ॲलियम फिस्टुलोसम ही निराळी वनस्पती आहे, जिला गड्डा धरतच नाही. पाजनसाठी बहुधा वापरतात ती बारीक ‘चोकपा’ आणखी वेगळी. गंमत म्हणजे त्यांच्या भाषेत कांद्याला ‘यांगपा’ म्हणतात, आणि त्यातील ‘यांग’ म्हणजे समुद्रापलीकडून आलेला. आपल्याकडे पात हा कांद्याचा अवयव आहे, तर त्यांच्याकडे कांदा हाच पातीचा विलायती भाऊबंद ठरतो. त्यामुळे नुसते ‘पातीचे’ लिहावे. आणि ‘पा’ व ‘पात’ यांचे नाते जोडण्याचा मोह कोणाला होऊ नये म्हणून सांगतो की आपली ‘पात’ संस्कृत ‘पत्र’ पासून आली आहे आणि कोरियन ‘पा’शी तिचा काडीचाही संबंध नाही.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. काल अख्ख्या काड्या रचून एक पाजन करून पाहिले आणि सासूबाईंना वाढताना ‘पातीचे काप’ म्हटले, तर त्या म्हणाल्या की काप गोल किंवा लांबट तुकड्यांचे असतात, चटईचे नव्हेत. तेव्हा पुस्तिकेत मथळा ‘पाजन’ ठेवते आणि खाली ‘तव्यावर रचलेली, पिठाने बांधलेली पात’ असे वर्णन देते. कोरियात पाऊस पडू लागला की तांदळाच्या ‘मक्कल्ली’ या मद्यासोबत पाजन खाण्याची रीत आहे आणि तव्यावरची चुरचुर पावसाच्या आवाजासारखी वाटते असे तिकडे सांगतात, हेही घातले आहे. आपल्याकडे त्या वेळी कांदाभजी होतात, एवढे वाचकाला वेगळे सांगायला नको. एक शंका मात्र उरली. मी नकळत ‘एक पाजन केले’ असे नपुंसकलिंगी लिहीत आले आहे. ते बरोबर आहे का, आणि अनेकवचन काय करावे?

प्रतिसाद

‘घावन’ प्रमाणे चालवावे. ते घावन, ती घावने; ते पाजन, ती पाजने.