रान सुकलं म्हणून ऊन वाढतं, की ऊन वाढलं म्हणून रान सुकतं?

तुरीचं_रान: आमचं रान मंगळवेढ्याकडं, काळी जमीन. तीन आठवडे पावसाचा खंड पडलाय आणि ऑगस्टमध्ये दुपारी एप्रिलसारखं भाजतंय, भेगा तर अशा की हात कोपरापर्यंत आत जातो. वडील म्हणतात जमिनीतली ओल गेली म्हणून ऊन वाढलं आणि ओल नाही म्हणून पाऊस पण फिरकत नाही. मला वाटतं उलटं आहे. कोण बरोबर?

हवाबिवा: दोघंही, पण वडील जास्त 😀 एक लिटर पाणी चुलीवर उकळी फुटेपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते ना, त्याच्या साधारण सातपट त्याची वाफ करायला लागते. आता वाढीतलं पीक दिवसाला ४-५ मिमी पाणी उडवतं, १ मिमी म्हणजे एकरी ४ हजार लिटर, म्हणजे उन्हाची केवढी ताकद त्यातच खर्ची पडते बघा. ओल संपली की तीच उष्णता सरळ हवा तापवते, तापलेली हवा उरलीसुरली ओल ओढते, आणि चक्र सुरू. युरोपात २००३ ची उष्णतेची लाट एवढी चढली त्यात आधीच सुकलेल्या जमिनीचा हात होताच.

ढगफुटीवाला: पावसाचं मात्र एवढं सरळ नाय हां. आपला मान्सूनचा पाऊस मुख्यतः समुद्रावरून येतो, ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो काय रानं सुकली म्हणून नाही. जमिनीतून उडालेल्या बाष्पाचा वाटा असतो आणि सप्टेंबरात तो वाढतो, पण आफ्रिकेत साहेलमध्ये तर ओल्या पट्ट्याशेजारच्या कोरड्या जमिनीवर वादळी ढग जास्त उठतात असं दिसलंय, कारण तिथली हवा तापून वर जाते.

तुरीचं_रान: बरं, मग उपग्रहावरून जमिनीतली ओल कळते म्हणतात ते बघून काय ठरवता येईल का

हवाबिवा: नासाचा स्मॅप उपग्रह २०१५ पासून मोजतोय, पण वरचे ५ सेंटीमीटरच. तुरीचं मूळ कुठं गेलंय ते त्याला काय माहीत. शिवाय एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा, त्यात तुमच्यासकट अख्खी शिवारं बसतात.

कोळपं: ते जाऊ द्या, आधी भेगा बुजवा. भेगेतून खालची ओल पण उडते. कोळपणी करून, म्हणजे पिकाच्या ओळींमधून कोळपं (बैलाचं छोटं औत) फिरवून, वरचा थर भुसभुशीत केला की भेगा मिटतात आणि बाष्प अडतं. पण वरवरच करा, खोल गेलात तर मुळ्या तुटतील.

तुरीचं_रान: आणि मोठा पाऊस आला तर? भेगा असल्या तर पाणी आत जाईल ना

कोळपं: जातं की, सुरुवातीला धो धो आत जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं सगळं ओढ्याला. पण त्या पावसाच्या आशेवर आत्ताची ओल घालवू नका. आणि पाऊस झाल्यावर लगेच औत घालू नका, वाफसा येऊ द्या, म्हणजे चिखल जाऊन माती औताजोगी ओलसर होऊ द्या. मूठभर मातीचा गोळा करून कमरेएवढ्या उंचीवरून टाका, फुटला तर वाफसा, चपटा झाला तर थांबा.

तुरीचं_रान: सध्या गोळाच होत नाही ओ, ढेकूळच आहे. उद्या कोळपं जुंपतो.