लग्नात वाचन बाविसाव्या वचनापासूनच का सुरू करतात?

नगरची सून
परवा नात्यातलं एक लग्न होतं. पाळकांनी बायबलमधल्या पौलाच्या इफिसकरांस पत्राचा ५ वा अध्याय उघडला आणि थेट २२ व्या वचनापासून वाचायला घेतलं, स्त्रियांनी आपापल्या पतीच्या अधीन असावं. पुढच्या बाकावरचे नवरदेवाचे दोन काका एकमेकांना कोपर मारून हसले, आणि नवरी खाली मान घालून गुच्छाची रिबन बोटाला गुंडाळत होती, गुंडाळायची आणि सोडायची. ते डोळ्यासमोरून हलतच नाहीये. त्याच्या आधीचंच वचन, २१ वं, सगळ्यांना सांगतं की एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या! सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तर २२ मध्ये क्रियापदच नाही, ते २१ मधून घ्यावं लागतं. मग आपण मधेच का तोडतो?

शेवगावकर
ताई, २१ वं अख्ख्या मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांना आहे, नवराबायकोचं पुढे वेगळं सांगितलंय. २३ मध्ये पती पत्नीचं मस्तक आहे असं स्पष्ट लिहिलंय, आज ऐकायला जड जातं म्हणून सोडून द्यायचं का? आणि मस्तक म्हणजे मालक नव्हे, जबाबदारी. माझ्या आईला लकवा झाला, त्यानंतर नऊ वर्षं वडील रोज सकाळी तिची वेणी घालायचे, आधी गुंता सोडवायचा, मग तीन पेड, मगच स्वतःचा चहा. घरात शेवटचा शब्द त्यांचाच असायचा, पण आईला त्याचं कधी ओझं वाटलं नाही.

वसईची लेक
आम्ही कॅथलिक. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ च्या पत्रात मांडलंय की ही अधीनता दोघांची आहे, एकतर्फी नाही. उलट अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने १९९८ मध्ये बायकोने नवऱ्याच्या नेतृत्वाला मानावं असं आपल्या विश्वासपत्रात घातलं. म्हणजे वचन तेच आणि अर्थ दोन, त्यामुळे "शास्त्रात स्पष्ट आहे" म्हणून विषय संपत नाही. आणि त्याचे चटके कोणाला बसतात तेही बघा, आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांसाठीच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं, बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचारासोबत क्रूरपणा नाहीतर त्याने टाकून दिल्याचंही सिद्ध करावं लागायचं. ते बदलायला २००१ उजाडलं.

शेवगावकर
कायदा इंग्रजांनी केला, पौलाने नाही. तो दोष वचनावर कशाला?

नगरची सून
दादा, तुमच्या वडिलांचं वाचून गळा दाटून आला. पण ते २५ वं वचन जगत होते, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करा. ते काकांना कोण ऐकवतं? आपल्या नगरकडचंच घ्या, ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो लक्ष्मीबाईंना न विचारता, त्या पुढे कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचं मन वळल्यावर. नवरा अधीन राहा म्हणाला म्हणून नाही. आणि एक विचारते, राग मानू नका, आईला ओझं वाटत नव्हतं हे तुम्ही आईला कधी विचारलं होतं?

शेवगावकर
नाही विचारलं. आता आई नाही.
मस्तक या शब्दावरून मी हटणार नाही ताई. पण मे महिन्यात मुलीचं लग्न आहे, पाळकसाहेबांना सांगतो २१ पासून वाचा आणि ३३ पर्यंत पूर्ण वाचा.